एक्कावन्न टक्के

सोमवारी उद्यमनगर बंद असतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पुण्याहून पहाटेची एसटी, काखोटीला फाइल
आणि गल्लीभर उतरलेली शटरं.
एकच अर्धं वर. आत लेथ चालू.

मगदूम इंजिनिअरिंग वर्क्स.
पंपाची बेअरिंग हाउसिंग, महिन्याला नऊशे नग.
गिऱ्हाईक मोठं. त्या कंपनीला यंदा
काही माल माजी सैनिकांकडूनच घ्यायचाय.
सैनिक खरा आहे का, धंदा त्याचाच आहे का,
एवढं बघून शिक्का मारायचा, हे माझं काम.
फेरीमागे साडेतीन हजार, जेवण वेगळं.

हवालदार बाळगोंडा मगदूम, निवृत्त.
डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत,
ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.
पेन्शनचा नंबर तोंडपाठ.
डाव्या पायाची दोन बोटं बर्फात राहिली,
ते त्यांनी न विचारता दाखवलं,
चप्पल काढून,
कंडक्टरला पास दाखवावा तसं.
माझ्या फॉर्मात बोटांसाठी जागा नव्हती.

मालकी?
"निम्म्याच्या वर," म्हणाले, आणि पत्र्याकडं बघत राहिले.
कागद पंधरा दिवसांपूर्वीचा,
मुद्रांकावर वकिलाच्या चहाचा गोल डाग.
एक्कावन्न त्यांचे, एकोणपन्नास बायकोचे.
त्याआधी एकवीस वर्षं, सरळ शंभर:
सौ. अक्काताई बाळगोंडा मगदूम.

ती लेथवर. साडीवर नवऱ्याचा जुना हिरवा शर्ट,
चष्मा दोऱ्यानं बांधलेला.
मशीन न थांबवता बोलली,
"ह्ये वर बर्फात हुते. पैसं पोस्टानं यायचं.
म्हटलो, खाऊन संपवण्यापरीस मशीन घेऊया.
इचलकरंजीचं जुनं घेतलो. शिकलो.
पयला ड्रॉइंग उलटा धरून वाचलो,
चाळीस नग भंगारात गेलं."

म्हटलो. घेतलो. शिकलो.
मी दोनदा वळून बघितलं, बोलतंय कोण.
आमच्याकडं बायका शिकल्या की शिकले म्हणतात.

"मी रिटायर झालो नि हिच्या हाताखाली लागलो,"
हवालदार म्हणाले,
"वरीसभर नुसता कीस झाडला.
ट्रेनिंग सेंटरचा उस्ताद बरा हुता."

मी नियम वाचून दाखवला.
पन्नासाला पन्नास चालत नाही, वर एक लागतो.
"एक टक्का म्हंजे किती वं?" तिनं विचारलं.
हवालदारांनी वाकून
जमिनीवरचा चिमूटभर लोखंडी कीस उचलला.
"येवढा."
"मग न्या की. पर तोलून न्या."

थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं,
"बायकांच्या धंद्यासाठी न्हाई काय असलं कायतरी?"
आहे.
वेगळा फॉर्म, वेगळी फी.
आणि त्या खान्यातली जागा
कंपनीनं मार्चमध्येच भरून टाकली.
ती काही बोलली नाही.
मायक्रोमीटर पुसला, पुन्हा लावला,
एक नग बाजूला काढला. मला तो चांगलाच वाटत होता.

शेवटचा प्रश्न मोठ्यानं विचारावा लागतो,
उत्तर जसंच्या तसं लिहावं लागतं:
धंदा रोज कोण चालवतं?

मी मान खाली घालून पेन टेकवलं.
हवालदार चहा सांगायला कोपऱ्यापर्यंत गेले होते.

"मी चालवतो."

लिहिलं. अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं.
बोलणाऱ्याच्या नावाला फॉर्मात रकाना नाही,
म्हणून नाव लिहिलं नाही.
चहा आला. आम्ही तिघं उभ्यानं प्यालो.

साताऱ्याच्या स्टँडवर बूट काढला
तर तळव्यात कीसाचा एक वळलेला तुकडा.
काढून टाकणार होतो.
मग फाइल उघडली,
ती ओळ परत वाचली, परत वाचली,
आणि गाडी सुटायला अजून
दहा मिनिटं होती.