चौथा भाग, अकरावं मिनिट

चौथ्या भागात, अकराव्या मिनिटाला
सेनापती सत्ता घेतो.
घेतो म्हणजे काय, उचलतो,
टेबलावर विसरलेली किल्ली उचलावी तशी.

मालिकेतलं जग असं :
कोकणचं आरमार कधी हरलंच नाही,
या किनाऱ्यावरचं तेल मोडी कागदांत नोंदलं गेलं
आणि इथे सोहारच्या किल्ल्यात आपला सुभेदार बसतो,
खजूर खात तक्रारी ऐकतो.

हे सगळं आम्ही मान्य केलं.
खोली नंबर चौदा, सात माणसं, एक टीव्ही,
शुक्रवारची बिर्याणी पोटात.
इतिहास हवा तिथून वळवा, आमचं काही म्हणणं नाही.
पण अकरा मिनिटं?

इस्माईल परकार म्हणाला,
आमच्या बाणकोटात मशिदीच्या कमिटीचा खजिनदार
बदलायला तीन वर्षं लागली,
आणि जुन्याने वही अजून दिलेली नाही.
टेमकर हिशेबाचा माणूस. त्याने विचारलं,
एक तारखेला शिपायांच्या पगारावर सही कोणाची?
दिगंबर वायरमनला राजवाड्यातला अंधार खटकला.
जनरेटर अर्ध्या मिनिटात उठतो रे,
कुणीतरी तो आधीच मारून ठेवला असणार,
त्या माणसाला दाखवा ना एकदा.

मी फाटक बघत होतो.
बारा वर्षं मी फाटकावरच आहे.
मालिकेतल्या पहारेकऱ्याला वाक्य नाही,
शेवटच्या पाटीत नावही नाही.
तो कागद बघतो, समोरच्याचे बूट बघतो,
आणि दांडी वर करतो.

खोटं आहे, मी मोठ्याने म्हणालो.
असं कुणी उघडत नाही.
आधी रजिस्टर. नाव, वेळ, गाडीचा नंबर, कारण.
मग वरच्याला फोन.
वरचा उचलत नाही.
मग पुन्हा फोन.
तोवर सत्ता बाहेर उभी राहते, घाम पुसत.

खूप हसले सगळे.
परकारने माझ्या पाठीत थाप मारली.

रात्री ड्युटीवर आलो.
वाळत घातलेल्या तारल्यांचा वास समुद्राकडून येत होता,
केबिनच्या काचेवर दमटपणाचे ओघळ.
आणि कारण नसताना ती फेब्रुवारी आठवली.
पहाटेची वेळ, पांढरी गाडी,
आत ओळखीचं कोणी नाही.
खिडकीतून एक कागद बाहेर आला,
खाली निळा शिक्का.
अरबी मला वाचता येत नाही,
फक्त शिक्का कळतो, आणि कडक इस्त्री.

आठ वाजता जुना मुदीर आला.
त्याचं कार्ड लागेना.
त्याने दोनदा पुसून लावलं, शर्टाच्या बाहीला.
मग माझ्याकडे बघितलं.
मी रजिस्टरमध्ये बघत होतो.

आत नोटीस बोर्डावर नवं नाव आलं होतं.
आमचे दोनशे दहा पासपोर्ट
या कपाटातून त्या कपाटात गेले,
एकावरही शिक्का उमटला नाही.
कुणी ओरडलं नाही.
खानसाम्याने फक्त एवढं विचारलं,
दुपारी किती माणसं धरू?

ते जुनं रजिस्टर अजून खालच्या खणात आहे.
काढून बघितलं.
चार पस्तीस.
नावाच्या रकान्यात नुसती रेघ.
कारण : कंपनीचं काम.
अक्षर माझं, आणि चांगलं वळणदार.

पुढच्या शुक्रवारी पाचवा भाग लागला.
टेमकर पगारावरून पुन्हा सुरू झाला.
मी म्हटलं, थांब, आधी मागचा लाव,
अकरावं मिनिट.
कशाला, खोटं आहे म्हणालास ना?
लाव तर खरं.

नट बरा आहे तो पहारेकरी.
दांडीवर हात ठेवतो
आणि वर नेण्याआधी किंचित थांबतो,
एक श्वास असेल, फार तर.

मी थांबलो नव्हतो.