किमान तापमान

सव्वीस वर्षं झाली,
सकाळी सातला मी पांढऱ्या पेटीचं दार उघडते.
चार पायांची, झडपांची लाकडी पेटी,
परभणीत, विद्यापीठाच्या माळावर.
आत थर्मामीटर आडवा झोपलेला,
त्याच्या दारूत बुडालेली बारकी काळी काडी.
रात्र जिथवर खाली उतरली तिथं काडी थांबते.
मी वाकते. श्वास रोखते.
वाफेनं काडी हलत नाही, ठाऊक आहे, तरी रोखते.
लिहिते : ५.२.
दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, परभणी गारठली,
आणि आमच्या गल्लीला वाटतं, ते मीच केलं.
"दोन डिग्री वाढवून लिवा की ताई,"
दूधवाला म्हणतो, मफलरीतून.

यंदा मार्गशीर्षातच टाचा फुटल्या.
भेगांत मेण भरत बसले होते
तर जुबेदा आली, डेपोतली ड्यूटी संपवून.
"चल, अंदमानला जाऊ. माझी रजा सडायली.
पण बसून राहायचं नाही हां.
पोहायचं, वल्हवायचं, डोंगर चढायचा."

मग पेडगावला, तिच्या भावाच्या विहिरीत,
चार रविवार.
लहानपणी काकानं पाठीला पांगऱ्याचा ओंडका बांधून
ढकलून दिलं होतं मला, तेवढंच माझं पोहणं.
आता पाठ मोकळी. डोळ्यांवर काच, तोंडात नळी.
काठावर तुऱ्हाट्या पेटवून बसलेली भावजय ओरडली,
"कामून मरायल्या गं दोघी!"
पण पाणी कोमट होतं.
वर हुडहुडी, पाण्यावर वाफ,
आणि काचेतून खाली
एक हरवलेली बादली, एक कासव,
जुबेदाची फुगलेली सलवार.
मी नळीतून हसले आणि ठसका लागला.

बेटावर पौष नव्हताच.
ऊन पावणेसहाला उठून बसायचं.
पहिल्या दिवशी वल्ह्यानं तळहातांना फोड आले,
दुसऱ्या दिवशी फुटले,
तिसऱ्या दिवशी मी खारफुटीच्या मुळ्यांमधून
होडी नेली, न आपटता.
रात्री काळ्या पाण्यात वल्हं घातलं की
हिरवट उजेड सांडायचा.
जुबेदा "तौबा, तौबा" म्हणत
हात बुडवून पुन्हा पुन्हा खात्री करायची.
दिवसा आम्ही पाण्यावर पालथ्या पडून
पिवळ्या पट्ट्यांच्या माशांची शाळा सुटताना बघायचो.

तरी रोज सातला मी किनाऱ्यावर रेंज शोधायची.
"व्यंकट, किती?"
"सहा पॉइंट आठ, मॅडम."
"डोळा सरळ रेषेत धरलास का?"
"हाव मॅडम."
पाचव्या दिवशी फोन लागला नाही.
सहाव्या दिवशी त्यानंच केला, ओरडतच,
"मॅडम, काल दोन पॉइंट तीन!
गवत पांढरं झालं होतं, मीठ सांडल्यावानी!"

मी ओल्या कपड्यांत उभी, हातात शहाळं,
खांद्यावर खरंच मीठ वाळलेलं.
सव्वीस वर्षांत तीनच्या खाली काडी गेली नव्हती.
सव्वीस वर्षं मी वाट पाहिली होती, हे मला
तिथं, त्या उन्हात कळलं.
"काय झालं? कुणी गेलं का?" जुबेदानं विचारलं.
नाही म्हटलं. थंडी आली होती.
ती बघतच राहिली.

परतले. वहीत नऊ दिवस व्यंकटचं अक्षर,
२.३ मधला तीन जरा थरथरलेला.
त्यानं फोटो दाखवला : पांढरं गवत,
कोपऱ्यात त्याचंच आडवं आलेलं बोट.
"तुम्ही पाहिजे होतात," म्हणाला.
मी म्हटलं, नोंद नीट आहे.
सही केली. तळहाताची नवी कातडी कागदावर जरा अडली.

आज थंडी साधीच.
पेटी उघडते. वाकते. श्वास रोखते.
आता तो बराच टिकतो.
९.१.
लिहिल्यावरही थोडा वेळ
सोडत नाही.