पुढचा कॅमेरा

लामझिरा, दोन महिने आम्ही तुला धुकं म्हणून दिसलो.
फोन कपडे धुवायच्या टबात पडला होता.
पाणी सुकलं, पण पुढच्या कॅमेऱ्याच्या काचेमागे
दुधाच्या सायीसारखं काहीतरी धरून बसलं.
तू बारीहून हसायचीस :
"कुतैसीत अजून एवढी थंडी?
तुम्ही दोघं वाफेत बसून बोलताय."

मला मात्र तू लख्ख दिसायचीस.
सिन्योरा इम्माकोलाताच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या फरशा,
तुझ्या मनगटावरचा इस्त्रीचा डाग,
आणि आतून म्हातारीची घंटा वाजली
की आधी उठायची तुझी मान, मग तू.

नातियाने कॅमेरा मागवला तिबिलिसीहून.
मार्शरुत्काच्या ड्रायव्हरने वरच्या खिशातून काढून दिला :
सूर्यफुलाच्या बीएवढा, शेपटीला एक सोनेरी पट्टी.
पस्तीस लारी.
एवढ्या पैशात पूर्वी कोंबडी यायची, म्हटलं.
ती म्हणाली, कोंबडी आईला बघणार नाही.

रविवारी टेबलावर पांढरा टॉवेल पसरला.
केस सुकवायच्या यंत्राने कडा तापवल्या,
गिटारची नखी घुसवली, हळूहळू फिरवली
आणि स्क्रीन उघडला पुस्तकासारखा,
पण अर्धाच. आतली पट्टी तुटते, पपा, थांब.
आधी बॅटरी सोडवायची.
स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने
आलुबुखाराच्या चटणीच्या झाकणात.
लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर बोर्ड मेला.
मी लेथवर ट्रकचे आस कातलेला माणूस,
चिमट्यात धरलेला स्क्रू मला
चष्मा लावूनही दिसेना.

आता जे सांगितलं नाही ते.

फेब्रुवारीत एका सकाळी
माझा अर्धा चेहरा झोपेतून उठलाच नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नस सुजली आहे, ओसरेल.
थोडी ओसरली.
चहा अजून डाव्या कोपऱ्यातून गळतो,
डावा डोळा रात्री बोटाने मिटावा लागतो.
नातियाला शपथ घातली.
तू वर्षाची रजा वाचवून ठेवली आहेस,
एवढ्याशा ओठासाठी ती का उडवायची?
‘प’ आणि ‘ब’ घसरायचे, तेव्हा म्हणायचो, नेट खराब आहे.
मग फोन पडला, आणि धुकं माझ्या कामाला आलं.
झाकली मूठ.

म्हणून सांगतो, जुना कॅमेरा निघाला
आणि नव्याची शेपटी माझ्या चिमट्यात होती,
तेव्हा मी थांबलो.
नखाएवढा झटका पुरला असता.
पार्टच खोटा निघाला, म्हटलं असतं,
बाजारात फसवतातच.
नातिया टॉर्च धरून होती.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही,
फक्त प्रकाश जराही हलू दिला नाही.

टक्.
एवढाच आवाज होतो, बसतो तेव्हा.

फोन सुरू झाला. चेहरा दाखव म्हणाला.
दाखवला.
ओळखलं नाही त्याने, आकडे मागितले.

मग तुला लावला.
पिवळ्या फरशा. तू हात पुसत आलीस,
बोलता बोलता थांबलीस.
आतून घंटा वाजली.
तुझी मान उठली नाही.
पुन्हा वाजली.
मी दिव्याकडे उजवी बाजू करायला गेलो
तर तू म्हणालीस, "हलू नकोस, ओतार."

मग कितीतरी वेळाने,
"बारी म्हण पाहू."

म्हटलं.

"पुन्हा."

एक स्क्रू उरला आहे.
नातियाने सगळी भोकं तपासली, सगळी भरलेली.
कुठला, कळत नाही. फोन चालतोय.
झाकण तसंच ठेवलंय खिडकीत,
तू येशील तेव्हा बघ.