काठावरचा ठिपका

धुळामामा पहाटेच्या एसटीनं आला मंगळवेढ्याहून,
उभ्यानं, काखेत जेवणाचा डबा धरून.
डब्यात भाकरी नव्हती.
पेप्सीकोल्याच्या दोन गोठलेल्या कांड्या,
त्यांच्या मधे निजवलेली नळी,
नळीत बांडीचं रक्त.

"बघ, रंगच राहिला नाही," म्हणाला.
नळी तिरकी केली.
काचेला न लागताच उतरलं ते,
तिसऱ्या पंगतीच्या आमटीसारखं.

मी थेंब ओढला, वाळवला,
जांभळ्या रंगात काच बुडवून ठेवली.
चाळीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात मामा सांगत राहिला,
जसं आठवेल तसं:

हुन्नूरच्या वाटेवर एका रानात तीन रात्री मेंढरं बसवली.
रात्रीला दोन पायली ज्वारी, वर एक नारळ.
वाघर लावली ती नेमकी गोठ्याला लागून.
भिंतीच्या भेगांत गोचीड,
उपाशी असताना तिळाएवढा,
चौथ्या दिवशी मेंढीच्या कानामागं
एरंडीच्या बीसारखा टच्च.

बांडी आधी सगळ्यांच्या पुढं असायची,
घोड्याच्या शेपटीत तोंड घालून.
मग मधे.
मग कुत्र्याच्या पुढं.
मग कुत्र्याच्या मागं.
बायाक्कानं तिची पापणी उलटली,
आतून धुतल्या धोतरासारखी.
दोन गाभण्या गाभडल्या एकाच रात्री.

"कोंबड्या होत्या तवा असं नव्हतं," मामा म्हणाला.
घोड्यावर बसून यायच्या त्या बिऱ्हाडाबरोबर,
दुपारी मेंढरं रवंथ करायला टेकली
की कानामागचे गोचीड टिपत फिरायच्या,
आणि मेंढ्या डोळे मिटून मान पुढं करायच्या.
दोन मुंगसानं नेल्या.
पाच बिरूच्या वसतिगृहाच्या गादीत गेल्या.

काच धुतली. तेलाचा थेंब. भिंग खाली.
तांबड्या चकत्या, विरळ,
बाजार उठल्यावरच्या मैदानासारख्या.
आणि चकतीच्या अगदी कडेला
एक गडद ठिपका.
आत नाही, मधोमध नाही.
कडेला.
दुसरीतही. पाचवीतही.

मामाला म्हटलं, बघ.
त्यानं फेटा मागं सारला, चुकीचा डोळा लावला,
आधी स्वतःच्या पापण्याच पाहिल्या,
मग बराच वेळ काही बोलला नाही.
"हे तर आपलंच बिऱ्हाड की गं.
रानाच्या कडेला वाघर टाकल्यागत."

मी हसले.
अकरा वर्षं या नोंदवहीत लिहितेय,
'जिवाणू: पेशीच्या कडेस',
आणि सातवीपर्यंत मीही झोपले आहे
कुणाकुणाच्या बांधाला, घोंगड्याच्या कडेवर,
कुत्र्याच्या पाठीला पाठ लावून.
हसू तिथंच राहिलं.

"आपण खत टाकून उठतो," मामा म्हणाला.
"हा काय टाकून उठतो?"
ताप, म्हटलं.
आणि उठत नाही.
पिवळ्या औषधानं बांडी उभी राहील कदाचित,
पण हा थोडा राहतोच रक्तात, गप,
पुढच्या गोचिडाची वाट बघत.

"वजन किती तिचं? डोस त्यावर असतो."
"उचलली तर आता कोकराएवढी लागते."
मी अंदाजानं आकडा लिहिला,
खोडला, जरा कमी लिहिला.
गोठ्यापासून लांब बसवा, म्हटलं, भेगा लिंपून घ्यायला सांगा.
"रान त्येंचं, भिंत त्येंची," मामा म्हणाला.
"आमी सांगायचं?"

जाताना त्यानं डबा उघडला.
कांड्या निम्म्या वितळल्या होत्या.
एकीचं टोक दातानं तोडून मला दिली,
दुसरी स्वतः,
आणि प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून
आम्ही दोघं नारंगी पाणी चोखत राहिलो.
मी हात धुतले होते. त्यानं नाही.

रविवारी फोन आला. वारा फार होता.
मोरी गेली म्हणाला, शुक्रवारी, नाल्यापाशी.
आणि बांडी?
तो थांबला, बहुधा वळून पाहत असावा.
"कुत्र्याच्या बरोबरीनं हाय," म्हणाला.
"अजून घोड्यापातुर न्हाई."
मागं कुठंतरी एक कोंबडी ओरडत होती,
त्याची की रानवाल्याची,
विचारायच्या आत रेंज गेली.