पुण्याहून आलेला कागद

पुण्याहून कागद आला तो जुलैत.
नमुने गेले होते एप्रिलअखेर,
थर्माकोलच्या डब्यात, बर्फात, खास गाडीनं;
एवढा मान आमच्या फोंड्याच्या इस्पितळातून
याआधी कुणाच्या शेंबडाला मिळाला नव्हता.

अठरा नमुने, अठरा क्रमांक.
माणसांची नावं माझ्याकडे, तळमजल्यावर,
हिरव्या पाठीच्या रजिस्टरात,
ज्यावर मी बेतुलचा एक काळा दगड ठेवते
पंख्यानं पानं उलटू नयेत म्हणून.

बसले पेन्सिल घेऊन.
क्रमांकाला नाव, नावाला अक्षर लावत गेले.
सिरियाक रिबेलो, एकेचाळीस, बोरी, बेकरी. डेल्टा.
मंजिरी पारकर, एकोणतीस, शिरोडा. डेल्टा.
यशवंत कुंकळ्येकर, चौतीस, खांडेपार, टिपरचा ड्रायव्हर. डेल्टा.
आधी तो बी-वन-सहाशे काहीतरी होता,
गाडीच्या नंबरप्लेटसारखा;
कागद वाटेत असताना बारसं झालं असावं.
अठरांतले सात तोवर गेले होते.
आपल्याला काय झालं होतं
हे त्यांना कळवायचं राहिलं.

रजिस्टरात एक रकाना आहे: इतर आजार.
फार अरुंद. छापणाऱ्याला वाटलं असेल,
असून असून किती असणार.

पहिल्या वर्षी आधी आले तारवटी,
बोटीवरून उतरलेले, ना ताप ना खोकला;
चौदा दिवस कॅरम खेळले
आणि पावडर संपली म्हणून भांडले.
मग चतुर्थीनंतर म्हातारे आले.
तेव्हा तो रकाना पुरेना.
मधुमेह, रक्तदाब, एकच मूत्रपिंड, जुनी बायपास,
सावईवेऱ्याच्या ताराबाई गावडेंची दुखणी तर
मी खालच्या रुग्णाच्या डोक्यावर लिहिली.

आणि हे एप्रिल-मे पाहा.
इतर आजार: नाही.
नाही.
नाही.
नाही.
नंतर मी नुसती रेघ ओढू लागले.
स्वतःच्या पायांनी जिना चढून आलेले,
कुणी फोनवर बोलत, कुणी स्कूटर सावलीत लावून.
यशवंतनं मला विचारलं,
बाय, फाल्यां घरा धाडटले मगे?
बोटावरची चिमटी ब्याऐंशी दाखवत होती
आणि तो हसत होता.
पहाटे तीननंतर सिलिंडरची ट्रॉली
फरशीवर वाजत जायची.
अजून दारात गॅसवाला आला
की मी मोजू लागते, किती उतरवले.

जानेवारीत पुन्हा रांग.
पण माणसं आलेली दुसऱ्याच कामाला:
माडावरून पडलेला पाडेली,
काजूच्या बागेत नाग चावलेला पोरगा,
अपेंडिक्स, मोतीबिंदू.
नियम म्हणून नाकात काडी घातली
आणि निघाला.
कोविड कुठं लिहू, मी डॉक्टर सरदेसायांना विचारलं.
ते घाईत होते. म्हणाले, इतर आजारांत लिही.
लिहिला.
मावला.

त्याच आठवड्यात खांडेपारची एक बाळंतीण.
अक्षदा यशवंत कुंकळ्येकर.
नावावरून कळलं, नाहीतर मास्कमागे कोण ओळखणार.
घसा जरा दुखतोय, एवढंच म्हणाली.
मुलगी झाली. मुलीचा रिपोर्ट निगेटिव्ह.

निघताना माझ्या खिडकीशी थांबली.
त्यांचा कोणता होता?
मी दगड बाजूला केला, पान काढलं,
पेन्सिलीचं अक्षर वाचून दाखवलं.
आणि माझा?
तुझा नमुना पाठवला नाही, म्हटलं,
पण हल्लीचा वेगळा आहे.

ती बाळाचं टोपरं सारखं करत राहिली,
सारखं असलेलंच.
म्हणजे दुखणंसुद्धा आमचं एक नव्हतं, म्हणाली.
आणि मग,
रिक्षा किती घेईल हो खांडेपारला?

दीडशे सांग, म्हटलं.
दोनशे मागतील.