तांब्याच्या बाजूने

चार स्क्रू. त्यातला एक भलत्याच मापाचा,
बहुतेक कुकरच्या कानातला.
झाकण निघालं तसा वास आला
मेणाचा, आणि फुटलेल्या बॅटरीच्या पांढऱ्या बुरशीचा.

"मोठ्या बाबाच्या ऑर्केस्ट्रातलं आहे," निशिकांत म्हणाला होता,
"असेच दोन करून दे न ताई.
आता वाजत नाही. पण वाजायचं ना,
इंदोऱ्यात पाय ठेवला यावर
तर जरीपटक्यातली कुत्री उठायची."

दुपारचे तीन. कूलरला पाणी कमी आहे,
पंपाचा घसा कोरडा.
मल्टिमीटर बीपवर ठेवून मी बसलेय
आणि हा माणूस मला काही सांगायला तयार नाही.
दोन्ही ट्रान्झिस्टरचे नंबर त्याने ब्लेडने खरवडलेत,
वरून अख्खी मेणबत्ती ओतलीय,
कोणी चोरू नये म्हणून.
नागपूरचा उन्हाळा मात्र धरला नाही हिशेबात.
इतक्या वर्षांच्या मेमध्ये मेण मऊ होत होत
एका कोपऱ्यात जाऊन बसलं,
लाजल्यासारखं,
आणि बाकी सगळं उघडं.

एक टोक इथे. दुसरं तिथे. बीप. रेघ.
एक टोक इथे. दुसरं तिथे. काही नाही.
हेही लिहायचं असतं.
तपकिरी, काळा, पिवळा: एक लाख ओहम.
बोर्ड उलटला की डावं उजवं होतं,
मग मी टॉर्च मागून धरते आणि
तांब्याच्या सावल्या पलीकडून वाचते.
बॅटरीचं प्लस जमिनीला जोडलेलं.
मीच चुकले म्हणून दोनदा खोडलं.
नाही. तो बरोबर आहे.
जुने जर्मेनियमचे जीव, त्यांचं जग असंच उलटं.

या पट्ट्या छापील नाहीत.
नेलपॉलिशने काढून मग ॲसिडात बुडवलेल्या.
ब्रश बाटलीत परत बुडवला तिथे रेघ जाड झालीय,
पुढे पुढे बारीक, मग परत जाड.
कोपरे काटकोनात नाहीत,
ळ वळावा तसे वळतात.
फोन करून विचारलं, नेलपॉलिश कोणाची रे?
"मोठी आई तर कधी लावायची नाही,"
निशिकांत म्हणाला,
आणि मग थोडा वेळ आम्ही दोघंही
काहीच बोललो नाही.

एक पट्टी कुठेच जात नाही.
खालच्या कडेने निघते, दोन वळणं घेते, थांबते.
सगळ्या टोकांना लावून पाहिलं. मीटर गप्प.
चूक असेल. बाटलीतलं उरलेलं संपवलं असेल.
वहीत मी तीही काढली, तेवढीच वाकडी.
काय असायला हवं होतं ते मी काढत नसते.

आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर,
जिथे साधा रेझिस्टर पुरला असता,
तिथे पेचकसाने फिरवायचं एक बारकं बटण.
बाजूला पत्र्यावर खिळ्याने कोरलेल्या दोन खुणा.
एकीपाशी: मे.
दुसरीपाशी: डिसें.

उन्हाळा हिशेबात धरला नाही असं मी म्हटलं होतं.
मागे घेते.
शेचाळीस अंशांत जर्मेनियम वितळल्यासारखं गातं,
सूर धरत नाही, मग घुसमटून बंद पडतं.
हे त्याला माहीत होतं.
मंडपामागे, अंधारात, हातात पेचकस घेऊन
तो दरवर्षी हे गाव नव्याने जुळवत असणार.

बटण डिसेंबरवर आहे.
म्हणजे शेवटचं वाजलं ते थंडीत.
त्यानंतरच्या उन्हाळ्यात
फिरवायला कोणी आलं नाही.

नवी बॅटरी. एक तुटकी तार डागली.
शेजारच्या पोट्ट्याची गिटार, पाच तारांची.
पाय ठेवला: फुस्स, दमेकऱ्यासारखं.

मग पेचकस.
हळू. अजून थोडं.
मे.

रस्त्यावर कुत्रं भुंकलं.
निशिकांतला आज सांगत नाही.
उद्या सांगेन. कूलर बंद करून
अजून एकदा वाजवून पाहते.