सत्त्याऐंशी अंशांवर

एल आल्तोत पाणी सत्त्याऐंशी अंशांवरच उकळतं.
समुद्रकाठच्या पाण्याला जेवढा धीर असतो
तेवढा आमच्या पाण्याला नाही.
सातुर्निनो चोकेवांका मिनीबस ढकलत आणून उभी राहिला,
बॉनेटमधून वाफ, तोंडातून शिव्या.
मी आधी दोन्ही निवू दिलं.

झाकणाला हात लावू नकोस, मी वेनान्सिओला बजावलं.
माझ्या बापानं एकदा लावला होता.
मनगटापासून कोपरापर्यंत त्याची कातडी
शेवटपर्यंत गुळगुळीत राहिली,
एक केस उगवला नाही तिथं.

तासभर बाकावर बसून मी विचारत गेले.
कधी तापते? सिग्नलला उभी असताना
(मग पंखा बघायचा),
की चढावर?
"चढावर. ला पासहून वर येताना, दुसऱ्या वळणावर,
ती बाई निखाऱ्यांवर बैलाचं काळीज भाजत बसते ना,
तिच्यासमोर.
माणसं उतरतात, भाडं परत मागतात."
किती दिवस झाले?
"कार्निव्हलपासून."
काय काय बदललं?
एकानं थर्मोस्टॅट काढून फेकला होता.
दुसऱ्यानं नवा पंप बसवला.
तिसरा म्हणाला, हेड उतरवावं लागेल,
त्या रात्री बायकोनं कानातली काढून
जेवणाच्या टेबलावर ठेवली,
बोलली काहीच नाही.

मी तेलाची पट्टी पुसून पाहिली.
काळं तेल, पण दुधाळ नाही.
धुराला गोडसर वास नाही.
म्हणजे हेड शाबूत. चोर सोडून
तीन संन्याशांना फाशी झाली होती,
पण हे मी बोलले नाही.
तोंडाची वाफ दवडावी
एवढी हवा या उंचीवर नाहीच.

मग पाणी मुरतंय कुठं?

"ताई, हा वरचा पाइप असा का?" वेनान्सिओ म्हणाला.
"दात काढलेल्या म्हातारीचे गाल जसे."
पाइप खरंच चपटा पडला होता.
मी बाजूची बाटली पाहिली: गळ्यापर्यंत भरलेली.
झाकण फिरवलं, आता थंड होतं,
आत चार बोटं कोरडं.

पाणी मुरत नव्हतंच.
तापलं की बाहेर पडायचं
आणि निवल्यावर घरी यायची वाट बंद.
वाट असते झाकणातच,
तळाशी नाण्याएवढी पितळी चकती,
ती गंजून चिकटलेली.
वरची स्प्रिंग अंगठ्यानं दाबली.
दबली. जरा कुरकुर तरी करायची.

इथं पाणी लवकर उकळतं
म्हणून बटाटा लवकर शिजतो असं नाही, उलट.
नुसतं उकळणं म्हणजे शिजणं नव्हे,
हे इथल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे.
कुकरचं झाकण घट्ट हवं.
गाडीचंही तेवढंच.

"तीस बोलिवियानो," मी म्हटलं. "थर्मोस्टॅटचे वेगळे."
"तीस?"
त्याला राग आला. मग तो खाली बसला,
टायरला टेकून.
मोठं काही निघालं असतं तर बरं,
असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.
"बाकीचे कशात गेले सांगू तिला?"
मी पाना पुसत राहिले.

संध्याकाळी चाचणीला त्याच्यासोबत खाली गेले.
परत येताना तो रस्ता सोडून काटाच बघत होता,
दोनदा ओरडावं लागलं.
काटा मधोमध,
जेवण झालेल्या माणसासारखा हलेना.
दुसऱ्या वळणावर त्यानं गाडी बाजूला घेतली.
काय झालं?
काही नाही, सवय.
काळीजवाल्या बाईनं मान वर करून बॉनेटकडे पाहिलं,
वाफ दिसेना म्हणून जरा हिरमुसली असावी.
मग तिनं न विचारताच
दोन सळया निखाऱ्यांवर ठेवल्या.